अंदमानात भाड्याची सायकल: नागपूरहून जाणाऱ्या नवशिक्यांसाठी

नागपूरकराला ऊन शिकवावं लागत नाही. मे महिन्यात 45 अंशांत कामाला जाणारा माणूस अंदमानातले 31-32 अंश बघतो आणि म्हणतो, हे तर आपलं फेब्रुवारीचं दुपारचं हवामान. पहिली चूक इथंच होते. आपला कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि जुलैत नुसता ओला वारा फेकतो, हे घराघरात माहीत आहे. सायकल मारणारं शरीर त्याच कूलरच्या तत्त्वावर चालतं. घाम वाळला तर अंग गार होतं. बेटावर बाराही महिने हवा जुलैसारखी दमट, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता टपकतो. अंबाझरी-हिंगणा रस्त्यावर तुम्ही सहज 40 किलोमीटर मारत असाल, तर तिथं पहिल्या दिवशी 15 किलोमीटरवर थांबा. दोन दिवसांनी वाढवा.

दुसरी चूक घड्याळाची. नागपूर साधारण 79 अंश रेखांशावर आहे आणि अंदमान 93 च्या आसपास. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात नागपुरात सहाला अंधार असतो. तिथं साडेपाचलाच सूर्य वर आलेला असतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. दाट झाडीत त्याच्याही अर्धा तास आधी वाट दिसेनाशी होते, आणि विषुववृत्ताच्या जवळ संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. म्हणून सायकलचा वेळ सकाळी पावणेसहा ते साडेनऊ. दुपारी समुद्र, जेवण, झोप. चार वाजता ‘एक चक्कर मारून येतो’ म्हणत निघू नका.

कधी आणि कुठं

डिसेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून आपल्याकडची कुटुंबं सुट्टीचा बेत मे अखेर किंवा जूनपर्यंत ढकलतात. अंदमानात मात्र मान्सून मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोचतो. तेव्हा समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात आणि मातीच्या वाटा साबणासारख्या होतात. पावसाळ्यातच जाणं झालं तर डांबरी रस्त्यापुरती सायकल ठेवा.

नागपूरहून चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलून श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, आणि तिथून बोटीनं बेटं. सायकलसाठी नवख्यानं ही चढती क्रमवारी धरावी.

शहीद द्वीप, म्हणजे जुनं नील. लहान आणि बहुतेक सपाट. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर हे किनारे एका दिवसात सायकलवर होतात. गियर न कळणाऱ्यानंही इथून सुरुवात करावी.

स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉक. जेट्टीपासून राधानगर किनारा साधारण 12 किलोमीटर. रस्ता डांबरी आहे, पण मध्ये जंगलातले चढ-उतार आहेत, आणि साध्या बिनगियरच्या सायकलवर ते पाय मोडतात. विजयनगर आणि कालापत्थरच्या बाजूचा किनाऱ्यालगतचा रस्ता त्या मानानं सोपा. नारळ-सुपारीच्या बागांमधून जाणारे कच्चे रस्ते मधूनमधून फुटतात; खरी माउंटन बाइकची मजा तिथं आहे. बाग कुणाच्या तरी मालकीची असते, माणूस दिसला तर विचारून आत जा.

दक्षिण अंदमानात चिडिया टापूचा रस्ता चढ-उताराचा आणि झाडीचा आहे. सवय झाल्यावर तो घ्या.

एलिफंट बीचकडे जाणारी जंगलातली वाट चिखलाची आणि मुळांची. ती पायी जाणाऱ्यांची आहे, तिथं सायकल ढकलत न्यायचा हट्ट नको. राष्ट्रीय उद्यानाची हद्द असेल तर वनखात्याच्या फाटकावर विचारल्याशिवाय चाक आत घालायचं नाही. बाराटांगकडे जाणारा हमरस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो, तिथं वाहनं ताफ्यानंच सोडतात. तो सायकलचा रस्ता नाहीच.

नागपुरातले चार रविवार

नागपूर सपाट. हाच आपला दोष. चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, आणि गियर शिकायला तेवढा पुरतो. कुणाची तरी 21 गियरची सायकल मागून घ्या आणि पहाटे फुटाळ्याच्या बाजूनं वर जा.

पहिल्या रविवारी फक्त गियर. डाव्या हाताचा खटका पुढच्या तीन चक्रांचा, उजवा मागच्या सातांचा. पुढे लहान, मागे मोठं म्हणजे चढाचा हलका गियर. पुढे मोठं, मागे लहान म्हणजे सपाटीवरचा वेगाचा गियर. पुढे मोठं आणि मागेही मोठं, किंवा दोन्हीकडे लहान, अशी जोडी टाळा. चेन तिरकी ओढली जाते, घासते आणि पडते. गियर बदलताना पायडल फिरत राहायला हवं, पण जोर क्षणभर सोडायचा. चढाच्या मध्यावर पाय थांबल्यावर गियर बदलला तर कडकड आवाज येतो आणि कधी चेन तुटते. चढ समोर दिसला की सुरू व्हायच्या आधीच दोन गियर उतरवा.

दुसऱ्या रविवारी ब्रेक. शहराबाहेरचा एखादा मुरमाचा रस्ता शोधा. सायकल सावकाश चालवत आधी फक्त मागचा ब्रेक दाबा, चाक कसं घसरतं ते बघा. मग फक्त पुढचा, अगदी हळू, एका बोटानं. गाडी थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते आणि तोंडावर पाडण्याचीही. दोन्ही मिळून, हळूहळू वाढवत दाबायचे, हे हाताला कळेपर्यंत करा.

तिसरा रविवार घराच्या अंगणात. चाक काढणं, ट्यूब बदलणं, चाक परत बसवणं. पंधरा मिनिटांत झालं पाहिजे. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर पंक्चरवाला बसलेला असतो म्हणून हे कुणी शिकत नाही. बेटावर जंगलातल्या चढावर तो नसतो.

चौथ्या रविवारी रामटेक. गडावर चढणारा रस्ता दोनदा चढा आणि उतरा. उतारावर हात किती दुखतात ते तिथंच कळून येईल.

बॅगेत काय

हेल्मेट स्वतःचं न्या. भाड्याच्या दुकानात असलं तर डोक्याला बसेलच असं नाही, आणि त्याआधी ते किती वेळा आपटलं कुणास ठाऊक. अर्ध्या बोटांचे हातमोजे, रबरी सपाट तळव्याचे बूट (चप्पल किंवा सँडल चालणार नाही), अंगाला चिकटणार नाही असा पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट. मल्टिटूल, म्हणजे 4, 5, 6 मिलिमीटरच्या अॅलन की (सहाकोनी किल्ल्या) आणि एक स्क्रूड्रायव्हर असलेली घडीची पट्टी. टायर रिमवरून उचकटायचे प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, लहान हातपंप, एक ट्यूब.

अवजारं चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेतून सुरक्षा तपासणीत काढून ठेवतील. पंक्चरचं सोल्युशन मात्र कुठल्याच बॅगेत नको. ते ज्वालाग्राही आहे आणि विमानात मनाई आहे. त्याऐवजी सोल्युशन न लागणारे चिकट पॅच मिळतात, ते घ्या. बॅटरीचा दिवा आणि पॉवर बँक केबिनमध्ये.

ट्यूब घेण्याआधी दुकानदाराला फोन करून दोन गोष्टी विचारा: चाक 26 इंची की 27.5 की 29, आणि वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड की बारीक. आकडा टायरच्या बाजूलाही छापलेला असतो. त्याच फोनवर तिसरा प्रश्न, ‘गियरवाली है ना?’ बेटावर भाड्यानं मिळणाऱ्या सायकली पुष्कळदा साध्या असतात आणि गियरच्या मोजक्या. आपली नागपुरी हिंदी तिथं बिनदिक्कत चालते. बंगाली, तमिळ, तेलुगू बोलणारे सगळे एकमेकांशी हिंदीतच बोलतात.

दुकानातली दहा मिनिटं

सगळ्या लेखातला हा भाग नीट वाचा. भाड्याची सायकल म्हणजे खाऱ्या हवेत उभी राहिलेली, दर दोन दिवसांनी नवा स्वार बसलेली वस्तू. रंग चकचकीत असला म्हणून फसू नका. पैसे देण्याआधी याच क्रमानं तपासा.

1. ब्रेक. सायकलजवळ उभं राहून पुढचा ब्रेक दाबा आणि ती पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मागचा दाबून ढकला, चाक घसटलं पाहिजे, फिरता कामा नये. खटका हँडलला टेकत असेल तर ब्रेक सैल आहे. तारेचा ब्रेक असेल तर खटक्याजवळची गोल घुंडी अर्धा-अर्धा वळसा बाहेर सोडा, तार ताणली जाते. तरीही टेकत असेल तर पॅड संपलेत. पॅडचा घासणारा थर 1 मिलिमीटरहून कमी दिसला तर सायकल बदलून मागा. कुठला खटका कुठल्या चाकाचा हेही बघा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजवा खटका पुढच्या चाकाचा असतो, पण बाहेरून आणलेल्या सायकलीत उलटं असू शकतं. हे उतारावर कळलेलं परवडत नाही.

2. चाकं. सायकल उचलून चाक गरकन फिरवा. ब्रेकपाशी रिम डावी-उजवी डोलत असेल तर चाक आउट आहे. दोन-तीन मिलिमीटर चालून जातं, त्याहून जास्त नको. चाकाच्या तारा, म्हणजे स्पोक, एकेक बोटानं दाबून बघा, सैल किंवा तुटलेली तार हाताला लगेच लागते. चाक धरून आडवं हलवा; खटखट झाली तर बेअरिंग सैल आहे. अॅक्सलचे (चाकाच्या आसाचे) नट किंवा क्विक रिलीजचा, म्हणजे पान्याशिवाय चाक सोडवायचा, दांडा घट्ट आहे ना, ते शेवटी.

3. हँडल. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल पिळा. हँडल फिरलं आणि चाक जागीच राहिलं तर स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट सैल. 5 ची अॅलन की बहुधा लागते, दुकानदाराकडूनच आवळून घ्या. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी टक-टक आली तर हेडसेट (तिथलं बेअरिंग) सैल आहे, दुसरी सायकल घ्या.

4. चेन. गंजाचा लालसर रंग वरवरचा असेल तर तेलानं भागतं. कड्या ताठ झाल्या असतील, फिरताना उड्या मारत असतील, तर नाही. पुढच्या मोठ्या चक्रावरची चेन चिमटीत धरून पुढे ओढा. ती उचलली जाऊन खालचा दात अर्ध्याहून जास्त दिसला तर चेन लांबलेली आहे, चढावर जोर लावताच घसरेल आणि गुडघा हँडलवर आपटेल.

5. मागचा गियर, म्हणजे डिरेलर. सायकलच्या मागे उभं राहून बघा: तो चाकाला समांतर, सरळ खाली लोंबकळत हवा. आत वाकलेला असेल तर कुणीतरी ती उजव्या अंगावर पाडली आहे. भाड्याच्या सायकलीत हा दोष हटकून सापडतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. हलक्या गियरवर गेल्याबरोबर वाकलेला डिरेलर तारांत शिरतो, चाक जागच्या जागी अडकतं. म्हणून सायकल उचलून, पायडल हातानं फिरवत सगळ्यात मोठ्या चक्रापर्यंत गियर नेऊन बघा. तारांना घासल्याचा आवाज आला तर ती सायकल तिथंच सोडा.

6. टायर. बाजूला भेगा, आतला धागा दिसणं, फुगवटा. यातलं एकही नको.

बरं, हे सगळं करताना दुकानदार वैतागेल. वैतागू द्या. चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, ओरखडे असतील तिथं जवळून, आणि त्याच्या समोरच. भाडं 24 तासांचं की संध्याकाळपर्यंतचं, वाटेत बिघडली तर कोण न्यायला येणार, हे विचारून ठेवा. अनामत रोख द्या, आधारची मूळ प्रत देऊ नका, छायाप्रत पुरे.

अंगाला बसवून घेणं आणि हवा

सायकलवर दोन पाय टेकून उभं राहिल्यावर दांडा आणि शरीर यांच्यात निदान चार बोटं जागा हवी. सीटची उंची अशी: पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. ही उंची चढासाठी. कच्च्या उतारावर जाण्याआधी सीट 4-5 सेंटिमीटर खाली घ्या. सीटच्या नळीवर कमाल उंचीची रेघ असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

हवेबद्दल दुकानदारांचा ठाम समज असा की टायर दगडासारखा हवा. 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेल्या टायरवर खडबडीत वाटेत सायकल चेंडूसारखी उडते आणि ओल्या मुळावर घसरते. ट्यूबवाल्या 26 इंची, 2 इंच रुंद टायरमध्ये 65 ते 75 किलोच्या माणसानं पुढे 32 आणि मागे 35 पीएसआयपासून सुरुवात करावी; 90 किलोच्या आसपास वजन असेल तर पुढे 38, मागे 40. दिवसभर डांबरीवरच राहायचं असेल तर 45. कमी करायची म्हणून 25 च्या खालीही जाऊ नका. दगडावर आदळलं की ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि तिला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीनं सायकल भरू नका, क्षणात जास्त जाते.

वाटेवर

कच्च्या वाटेवर सीटवर बसून राहणं हे नवख्याचं लक्षण. वाट खाली झुकली की उभे व्हा: दोन्ही पायडल एका पातळीत, गुडघे आणि कोपरं वाकलेली, कंबर थोडी मागे, ब्रेकवर एकेक बोट. नजर पुढच्या चाकावर नको, सात-आठ मीटर पुढे. ज्या दगडाकडे बघाल त्याच्यावरच जाल.

ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. आडव्या मुळाला काटकोनात ओलांडा आणि त्या क्षणी ब्रेक सोडलेला ठेवा. तिरकं गेलात तर पुढचं चाक मुळाच्या अंगानं सरकतं आणि माणूस आडवा होतो. ओली चिकणमाती नागपूरकराला नवी नाही, आपली काळी माती पावसात चाकाला चिकटते आणि चाक फिरत नाही. तिथली माती तितकी चिकटत नाही, सरळ घसरते. पुढचा ब्रेक जवळजवळ विसरा, वेग आधीच कमी ठेवा. वाळू लागली तर हलका गियर, वजन मागे, हँडल सरळ; वळवायला गेलात की रुतलात.

चढावर सीटच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे झुकवा. नाही तर पुढचं चाक उचलतं.

नारळाच्या बागेत दोन धोके असतात. वरचा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून फळं लोंबकळत असलेल्या झाडाखाली थांबायचं नाही. खालचा कुणाला सुचत नाही: पडलेली सुकी झावळी. तिची पाती चाकाबरोबर वर येऊन डिरेलरमध्ये गुंडाळली जातात आणि तो तुटतो. कर्रकर्र आवाज आला की लगेच पायडल थांबवा, उतरा, हातानं काढा. ‘जाईल निघून’ म्हणत दोन फेरे जास्त मारले की भरपाई ठरलेली, बाप्पा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागण्याआधी घोट-घोट. ओआरएसचं 20.5 ग्रॅमचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात टाकायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतल्यानं पोट बिघडतं. शहाळं मिळालं तर उत्तमच. खायला चिक्की किंवा खजूर. चॉकलेटचं पाणी होतं आणि संत्राबर्फी हॉटेलवरच बरी. डोकं दुखणं, मळमळ, घाम आटून अंगावर काटा येणं, यातलं काहीही झालं की सावलीत बसा, अंगावर पाणी ओता, त्या दिवशीची सायकल संपली. भान हरपल्यासारखं किंवा बोलणं अडखळतंय असं वाटलं तर वाट न बघता 112 लावा आणि दवाखाना गाठा. बेटावर नेटवर्क दगा देतं, म्हणून नकाशा हॉटेलातच उतरवून घ्या आणि कुठल्या वाटेनं जाताय ते तिथं सांगून निघा.

बिघडलं तर

पंक्चर झालं तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. प्रवाळाचा धारदार तुकडा बहुतेक तिथंच रुतलेला असतो. तो न काढता नवी ट्यूब घातली की शंभर मीटरवर पुन्हा तेच. ट्यूब आत घालण्याआधी तिच्यात गोल होण्यापुरती थोडी हवा भरा, म्हणजे ती पिळली जात नाही आणि लिव्हरखाली चिमटत नाही.

चेन पडली तर डिरेलर हातानं पुढे ढकला, चेन सैल होते, खालून चक्रावर चढवा आणि पायडल हळूच मागे फिरवा. सारखी पडत असेल तर एका मधल्या गियरवर ठेवून परत या. डिरेलर तारांत गेला, चेन तुटली किंवा ब्रेकची तार निसटली तर ढकलत या आणि दुकानाला फोन करा. उतारावर एकाच ब्रेकच्या भरवशावर येऊ नका.

डिस्क ब्रेक असेल तर लांब उतारानंतर चकतीला हात लावू नका, भाजतो. गार असतानाही नको. सनस्क्रीन किंवा खोबरेल तेलाचं बोट लागलं की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. त्याच कारणानं चेनला तेल द्यायचं तर थेंब-थेंब, फवारा नाही, आणि जास्तीचं फडक्यानं पुसून.

परत देताना

किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूतून सायकल चालवतानाचे फोटो सुंदर येतात, सायकल मात्र रडते. मीठ बेअरिंगमध्ये शिरतं आणि छर्रे गंजतात. चाकं पाण्यात गेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा, नळ हळू सोडून. जोराचा फवारा ग्रीस काढून टाकतो. चिखल काढायला म्हणून खाडीत किंवा खारफुटीच्या काठाला उतरायचं नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. हॉटेलच्या नळावर धुवा, चेन फडक्यानं पुसा, दोन-चार थेंब तेल सोडा.

मग सायकल घेताना काढले होते तेच फोटो पुन्हा काढा आणि अनामत हातात पडल्यावरच चावी-कुलूप परत करा. परतीची बोट सकाळची असेल तर हे सगळं आदल्या संध्याकाळी उरकून घ्या. पहाटे बोटीच्या घाईत दुकान उघडं असेल याची खात्री नसते.